क्रमवार कीची कुळकथा

पायथन २.७ मध्ये एका रिकाम्या डिक्शनरीत आधी १ ही की टाकली, मग ९ टाकली आणि डिक्शनरी छापली, तर १, ९ असा क्रम दिसतो. दुसऱ्या डिक्शनरीत आधी ९, मग १ टाकले तर छापून येतं ९, १. दोन्ही डिक्शनऱ्या समान आहेत का, असं विचारलं तर पायथन हो म्हणतो. मजकूर मात्र वेगळा. आणि ८ व १ या की कशाही टाकल्या तरी ८ आधीच येतो!

कारण खणांमध्ये आहे. नव्या डिक्शनरीला आठ खण मिळतात, शून्यापासून सातापर्यंत. कोणती की कुठल्या खणात जाणार, हे तिच्या हॅशवरून ठरतं. लहान पूर्णांकाचा हॅश म्हणजे तोच आकडा. त्याला आठाने भागून उरणारी बाकी हा त्याचा खण. ९ आणि १ दोघांची बाकी एकच. आधी येणाऱ्याला १ क्रमांकाचा खण मिळतो, नंतरच्याची रवानगी ७ क्रमांकाच्या खणात होते. ८ ची बाकी शून्य, म्हणून तो सगळ्यांच्या पुढे. छपाई खणांच्या ओळीने होते, एवढंच.

आयबीएममधल्या हान्स पीटर लून यांनी १९५३ मध्ये हॅशिंगची कल्पना टिपणात मांडली, तेव्हापासून हा सौदा ठरलेला आहे: शोध झटपट होतो, क्रमाची हमी नाही. पण तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला की तोच क्रम दिसायचा, म्हणून लोक त्यावर विसंबू लागले. टेस्टमध्ये अपेक्षित आउटपुट म्हणून तो मजकूर जसाच्या तसा चिकटवला जायचा.

हा आधार सुरक्षेच्या कारणाने गेला. एकाच खणावर आदळतील अशा हजारो की मुद्दाम पाठवून सर्व्हर जेरीस आणता येतो, हे क्रॉस्बी आणि वॉलक या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. २०११ च्या डिसेंबरात बर्लिनच्या परिषदेत क्लिंक आणि वेल्डे यांनी हाच हल्ला वेबच्या अनेक भाषांवर करून दाखवला. उपाय म्हणून २०१२ च्या पायथन ३.३ पासून मजकुराचा हॅश प्रोग्रॅम चालवताना दर वेळी नवं यादृच्छिक बीज घेऊन निघू लागला. सकाळी पास झालेली टेस्ट दुपारी नापास! गो भाषेने तर त्याच वर्षी डिक्शनरीसारख्या मॅपवरचा फेरा मुद्दाम विस्कटला, म्हणजे कुणी क्रमाच्या भरवशावर राहायलाच नको.

छापण्याआधी की क्रमाने लावण्याची पद्धत तोवर मुरली होती. पायथनचं पीप्रिंट मॉड्यूल २.५ पासून प्रत्येक डिक्शनरी लावूनच छापायचं. २००८ मध्ये आलेल्या जेसन मॉड्यूलमध्ये 'सॉर्ट कीज'ची सोय होती. बिटटोरंटमध्ये तर हा नियमच आहे. टोरंटची ओळख म्हणजे त्याच्या माहितीच्या डिक्शनरीचा हॅश. दोन संगणकांनी की वेगळ्या क्रमाने लिहिल्या तर एकाच टोरंटच्या दोन ओळखी होतील.

पायथन ३.७ ने २०१८ मध्ये की टाकल्या त्या क्रमाने राहतील अशी हमी दिली. तरी सॉर्टिंगची गरज संपली नाही, आणि हेच अनेकांच्या लक्षात येत नाही. टाकण्याचा क्रम हा प्रोग्रॅमच्या वाटचालीचा इतिहास असतो. कोडमधल्या दोन ओळींची अदलाबदल झाली की सेटिंगच्या फाइलचा डिफ, म्हणजे जुन्या-नव्या आवृत्तीतला फरक, लांबलचक होतो, आणि खरोखर बदललेली एक किंमत त्यात हरवते. गो १.१२ ने २०१९ मध्ये मॅप छापताना की आपोआप लावायला सुरुवात केली, ते योग्यच झालं.

'लावणं' म्हणजे मात्र बहुधा युनिकोडच्या क्रमांकांनी लावणं. त्या तक्त्यात ळ हा ल नंतर लगेच येतो, व च्या आधी. त्यामुळे 'काळ' ही की 'कावळा'च्या पुढे बसते. मराठी वर्णमालेत ळ ह नंतर, म्हणून कावळा आधी हवा. डिफसाठी युनिकोडचा क्रम पुरतो. त्याच की मराठी वाचकाला यादी म्हणून दाखवायच्या असतील, तर त्या मराठीच्या कोलेशन नियमांनी पुन्हा लावाव्या लागतात.