जोलिएटचें कॉलेज आणि इलिनॉय राज्य

अमेरिकेंतील उच्च शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे हार्वर्ड, येल, शिकागो हीं नांवें सहजच ओठांवर येतात. जोलिएटचें नांव कोणी घेत नाहीं. इलिनॉय राज्यांत, शिकागोच्या नैऋत्येस, दे प्लेन नदीच्या कांठीं हें शहर आहे. १८४८ सालीं खुल्या झालेल्या कालव्यामुळें तें व्यापाराच्या वाटेवर आलें. पुढें चुनखडीच्या खाणी, पोलादाचे कारखाने आणि राज्याचा भक्कम तुरुंग यांनीं त्याला प्रसिद्धि दिली. विद्येशीं या प्रसिद्धीचा कांहींएक संबंध नव्हता. तरी ज्याला आज कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्या प्रकारच्या व अद्याप चालू असलेल्या सार्वजनिक संस्थांत सर्वांत जुनी मानली जाणारी संस्था याच शहरांतली आहे.

आरंभींच एक खुलासा करणें जरूर आहे. आपल्याकडे ज्युनियर कॉलेज म्हटलें कीं अकरावी-बारावीचे वर्ग समजतात. अमेरिकेंत या शब्दाचा अर्थ निराळा. तेथें बारा वर्षांचें शालेय शिक्षण संपल्यावर चार वर्षांचा पदवीचा अभ्यास असतो. त्याचा पूर्वार्ध, म्हणजे पहिलीं दोन वर्षें, जेथें पुरीं करतां येतात तें ज्युनियर कॉलेज.

या कल्पनेचे जनक शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर हे होत. वयाच्या अठराव्या वर्षीं येल येथें डॉक्टरेट मिळविणारे हे हिब्रू भाषेचे पंडित. रॉकफेलर यांच्या द्रव्यसाहाय्यानें १८९२ सालीं उघडलेलें विद्यापीठ त्यांनीं थोड्याच वर्षांत नांवारूपास आणलें. त्यांच्या मतें कॉलेजचीं पहिलीं दोन वर्षें म्हणजे खरें पाहतां शाळेचीच पुढची पायरी. संशोधनाचा प्रदेश त्यानंतरचा. म्हणून त्यांनीं चार वर्षांचे दोन भाग पाडले, आणि १८९६ पासून त्यांस ज्युनियर व सीनियर कॉलेज अशीं नांवें दिलीं. दोन वर्षें पुरीं करणाऱ्यास ‘असोसिएट’ ही उपाधि देण्याची प्रथाहि १९०० च्या सुमारास त्यांनीं सुरू केली. येथें स्पष्ट बोललें पाहिजे. हार्पर यांचा हेतु निव्वळ गोरगरिबांच्या कळवळ्याचा नव्हता. विद्यापीठावरील प्रारंभिक अध्यापनाचा भार हलका व्हावा, आणि ज्यांची पुढें जाण्याची ऐपत अथवा कुवत नाहीं त्यांना दोन वर्षांनीं अब्रूनें थांबतां यावें, असाहि हिशेब त्यांत होता. शिडी उभारतांना चाळणीचा विचार त्यांच्या मनांत होताच.

जोलिएट टाउनशिप हायस्कूलचे अधीक्षक जे. स्टॅन्ली ब्राउन यांची भूमिका अधिक साधी होती. गांवांतच राहून कॉलेजचें शिक्षण घेऊं इच्छिणाऱ्या मुलामुलींची सोय लावावी, एवढेंच त्यांना हवें होतें. १९०१ सालीं हायस्कूलच्याच छपराखालीं सहा विद्यार्थ्यांनिशीं हे वर्ग सुरू झाले. निराळी इमारत नाहीं, कॉलेज हें नांवसुद्धां नाहीं. ‘हायस्कूलोत्तर वर्ग’ एवढेंच बिरुद. १९०२ च्या डिसेंबरांत शाळेच्या मंडळानें हे वर्ग रीतसर मान्य करून फी न घेतां चालविण्याचें ठरविलें. ज्युनियर कॉलेज हें नांव पक्कें होण्यास १९१७ सालचा सुमार उजाडला.

माझ्या मतें या प्रयोगाचें मर्म फी-माफींत नाहीं. तें मान्यतेंत आहे. फुकट वर्ग कोणीहि काढील. परंतु येथें केलेला अभ्यास विद्यापीठानें हिशेबांत धरला, म्हणून जोलिएटचा मुलगा तिसऱ्या वर्षीं विद्यापीठाच्या दारांत गेला तेव्हां त्याला पुन्हां पहिल्या पायरीवर उभें केलें गेलें नाहीं. दोन वर्षांचा वसतिगृहाचा आणि खानावळीचा खर्च वांचला, हा लाभ वेगळाच. ज्या घरांत बाप कारखान्यांत खपतो त्या घरांत हा खर्चच पुष्कळदां शिक्षणाचा निकाल लावतो.

शिकागो शहरानें १९११ सालीं क्रेन ज्युनियर कॉलेज काढून हाच मार्ग धरला. पण अशा संस्थांचें आयुष्य किती परावलंबी असतें हेंहि तेथेंच दिसलें. महामंदीच्या तडाख्यांत, १९३३ सालीं, शहराच्या शिक्षणमंडळानें काटकसरीपायीं हें कॉलेज बंद केलें. नागरिकांनीं ओरड केली, आणि पुढच्याच वर्षीं एकाच्या जागीं राइट, हर्झल व विल्सन अशीं तीन कॉलेजें उघडावीं लागलीं. त्यांतील विल्सन कॉलेजांतून १९३६ सालीं एक कृष्णवर्णीय तरुणी उत्तीर्ण झाली. तिचे वडील झाडलोटीची व देखभालीची नोकरी करीत. तिचें नांव ग्वेंडोलिन ब्रुक्स. १९५० सालीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें; कृष्णवर्णीयांत तो मान मिळविणारी ती पहिलीच व्यक्ति. १९६८ पासून २००० सालीं मृत्यु येईपर्यंत ती इलिनॉयची राजकवयित्री होती. तिची प्रतिभा कॉलेजनें घडविली असें म्हणणें हास्यास्पद होईल. लिहावयास ती बाळपणींच लागली होती. पण विल्सनच्या पूर्वीं त्या दोन वर्षांची सोय एका ठरावासरशीं पुसली गेली होती, हें विसरून चालणार नाहीं.

दुसऱ्या महायुद्धानंतर या चळवळीला भरती आली. परत आलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची तरतूद १९४४ च्या कायद्यानें झालीच होती. १९४७ सालीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं नेमलेल्या आयोगानें शाळेनंतरचीं दोन वर्षें सर्वांस मोफत असावीं अशी शिफारस केली, आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हा शब्दप्रयोग रूढ केला. इलिनॉयनें १९६५ सालीं कायदा करून या कॉलेजांना हायस्कूलांच्या पदरापासून सोडविलें. स्वतंत्र जिल्हे, निवडून दिलेलीं मंडळें, स्थानिक मिळकतकर आणि राज्याचें अनुदान अशी ही घडण आहे. आज राज्यांत असे ३९ जिल्हे आहेत. जोलिएटच्या कॉलेजाकडे सात परगण्यांचे विद्यार्थी येतात; साहित्य-गणिताबरोबर शुश्रूषा, यंत्रकाम, शेती व बागाईत हेहि विषय तेथें शिकवितात, आणि शेतीसाठीं कॉलेजाचें स्वतःचें प्रयोगशेत आहे.

टीकाकारहि गप्प नाहींत. बर्टन क्लार्क या समाजशास्त्रज्ञानें १९६० सालीं असें दाखविलें कीं, पदवीची आशा धरून आलेल्या विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा येथें हळूहळू, गोड शब्दांनीं निवविली जाते. त्याचा अभ्यास कॅलिफोर्नियांतला. पण आक्षेप इलिनॉयलाहि लागू पडतो, कारण हार्पर यांच्या मनांतली ती चाळणी हीच. पुष्कळ विद्यार्थी पुढच्या विद्यापीठापर्यंत पोंचत नाहींत, हें खरें. परंतु या आक्षेपासाठीं संस्थेचें दार लहान करावें, असें मात्र मला वाटत नाहीं. दारांतून आंत आल्यावर पुढची वाट कोण दाखवितो, हा प्रश्न विचारावा.

ब्राउन १९१९ सालीं डिकाल्ब येथील शिक्षक-महाविद्यालयाचे अध्यक्ष होऊन गेले. कॉलेजनेंहि पुढें, १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, शहराच्या पश्चिमेस आपली स्वतंत्र जागा केली. १९०१ ची ती चुनखडीची इमारत आजहि उभी आहे. तींत हायस्कूलच भरतें.