इंग्लंडमधील ए-३०३ महामार्ग : मार्ग, विकास आणि वारसा-जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

रस्ता हा केवळ दळणवळणाचे साधन नसून समाजाच्या बदलत्या गरजांचा तो एक दस्तऐवजच असतो. राज्यकर्ते, व्यापारी, अभियंते आणि रस्त्याकाठचे ग्रामस्थ या सर्वांच्या निर्णयांचे ठसे त्यावर उमटलेले असतात. या दृष्टीने दक्षिण इंग्लंडमधील ए-३०३ हा महामार्ग अभ्यासण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखात या रस्त्याचा मार्ग, त्याची टप्प्याटप्प्याने झालेली घडण आणि स्टोनहेंज येथे निर्माण झालेला पेच यांचा विचार केला आहे.

मार्गाचे स्वरूप

हॅम्पशायरमध्ये बेसिंगस्टोकजवळ एम-३ या द्रुतगती मार्गापासून निघणारा हा रस्ता अँडोव्हर, एम्सबरी, मीर, विंकँटन, इल्चेस्टर व इल्मिन्स्टर या गावांलगत पश्चिमेकडे जातो. पुढे ब्लॅकडाउन टेकड्या ओलांडून डेव्हन परगण्यात हॉनिटनच्या अलीकडे तो ए-३० या जुन्या मार्गाला मिळतो. त्याची लांबी सुमारे १५० किलोमीटर आहे. लंडनहून डेव्हन व कॉर्नवॉलकडे जाणाऱ्या प्रवाशांचा हा एक प्रमुख मार्ग असल्याने उन्हाळी सुट्ट्यांत येथे वाहनांच्या लांबच लांब रांगा लागतात.

ऐतिहासिक घडण

हा रस्ता एका योजनेनुसार, एकाच काळी बांधला गेलेला नाही. इल्चेस्टर परिसरात त्याचा काही भाग फॉस वे या रोमन रस्त्याच्या रेषेवरून जातो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पथकर मंडळांचा विस्तार झाला. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली ही मंडळे नाक्यांवर कर गोळा करून आपापल्या हद्दीतील रस्ते राखत असत. एम्सबरी परिसरातील रस्ते १७६० च्या दशकात अशाच मंडळाकडे आले. प्रत्येक मंडळाची दृष्टी स्वतःच्या हद्दीपुरती असल्याने रस्त्याचा दर्जा जागोजागी निराळा राहिला.

१८६० मध्ये सॉल्झबरीमार्गे एक्झिटरपर्यंत लोहमार्ग पूर्ण झाला आणि घोडागाड्यांची लांब पल्ल्याची वाहतूक लोप पावली. पथकर मंडळेही कालांतराने बंद झाली. १८८८ च्या कायद्यान्वये प्रमुख रस्ते परगण्यांच्या परिषदांकडे सोपविण्यात आले. मोटारींच्या युगात मात्र रस्त्यांना पुन्हा महत्त्व आले. सॉल्झबरी, शाफ्ट्सबरी व येओव्हिल या गावांतून जाणाऱ्या ए-३० ला पर्याय म्हणून १९३३ मध्ये विविध रस्त्यांचे तुकडे एकत्र जोडून त्यांना ए-३०३ हा क्रमांक देण्यात आला. म्हणजेच क्रमांक एक झाला, रस्ता मात्र एकसंध झाला नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी बाह्यवळणे बांधून हा दोष दूर करण्याचा प्रयत्न झाला. परंतु निधी व अग्रक्रम सतत बदलत राहिले. परिणामी चौपदरी व दुपदरी भाग आलटून पालटून येतात आणि रस्ता अरुंद होतो तेथे कोंडी होते. इल्मिन्स्टरचे बाह्यवळण तर दुभाजकाविना तीन मार्गिकांचेच बांधले गेले. स्पार्कफोर्ड ते इल्चेस्टर हा भाग चौपदरी करण्याचे काम २०२१ मध्ये हाती घेण्यात आले.

स्टोनहेंजचा पेच

या महामार्गाच्या इतिहासातील सर्वांत बिकट प्रश्न स्टोनहेंजचा आहे. या शिलावर्तुळापासून दोनशे मीटरच्या आतून दुपदरी रस्ता जातो. १९८६ मध्ये हा परिसर जागतिक वारसास्थळ म्हणून घोषित झाला. गावाला वळसा घालता येतो, येथे मात्र वारसा हा केवळ शिलांचा नसून भोवतालची समाधिस्थाने, मातीचे बांध व प्राचीन वाटा यांसह संपूर्ण भूभागाचा आहे. वळसा कोठून घालावा, हाच प्रश्न होता. शिलांलगतचा ए-३४४ हा रस्ता २०१३ मध्ये बंद करून तेथे गवत लावण्यात आले, परंतु मुख्य मार्ग तसाच राहिला.

बोगद्याची एक योजना २००७ मध्ये वाढत्या खर्चामुळे सोडण्यात आली. पुढे सुमारे ३ किलोमीटर लांबीच्या बोगद्याचा प्रस्ताव आला. त्यास नोव्हेंबर २०२० मध्ये मंजुरी मिळाली, जुलै २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द केली, जुलै २०२३ मध्ये शासनाने पुन्हा मंजुरी दिली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या सरकारने आर्थिक कारणास्तव योजनाच मागे घेतली. बोगद्याचे पश्चिमेकडील तोंड वारसाक्षेत्राच्या आतच येणार असल्याने युनेस्कोने चिंता व्यक्त केली होती. दुसरीकडे, विंटरबोर्न स्टोक या खेड्याच्या मधून महामार्ग जातो. याच योजनेतून त्या गावाला बाह्यवळण मिळणार होते. योजना रद्द झाल्याने शिलांभोवतीची भूमी खोदकामापासून वाचली, पण दारावरून वाहणारी रहदारी ग्रामस्थांच्या वाट्याला तशीच राहिली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, ए-३०३ ची आजची विषमता ही एखाद्या अभियंत्याची चूक नसून तुकड्यातुकड्यांनी घेतलेल्या निर्णयांचा तो संचित परिणाम आहे. पथकर मंडळांच्या काळी प्रत्येकाने आपली हद्द पाहिली. आधुनिक शासनांनीही बहुधा एकेका टप्प्याचाच विचार केला. स्टोनहेंजपाशी ही पद्धत अपुरी ठरली, कारण तेथे प्रवाशाचा वेळ, ग्रामस्थांचे स्वास्थ्य आणि मानवजातीचा वारसा या तिन्ही न्याय्य मागण्या एकाच अरुंद पट्ट्यात समोरासमोर आल्या. त्यांपैकी एकीचा निकाल लावताना उरलेल्या दोहोंचे काय, याचे उत्तर दिल्याशिवाय या रस्त्याचा प्रश्न सुटणार नाही.