तिसऱ्या बोलीचं उत्तर

२००४ ची ‘वर्ल्ड सीरिज ऑफ पोकर’ स्पर्धा, अंतिम टेबल. ग्रेग रेमरनं बोली वाढवली, जॉश एरिएनं तेवढेच पैसे टाकून साथ दिली आणि पाळी डॅन हॅरिंग्टनकडे आली. डोक्यावर रेड सॉक्स या बेसबॉल संघाची हिरवी टोपी, चेहरा मख्ख, आणि पानं चांगली असल्याशिवाय हा माणूस पैसे लावत नाही अशी वर्षानुवर्षांची ख्याती. हॅरिंग्टननं दोघांच्याही वर मोठी बोली चढवली. सगळ्यांनी मुकाट्यानं पानं टाकली. टीव्हीच्या प्रेक्षकांना मात्र छुप्या कॅमेऱ्यातून हॅरिंग्टनच्या हातात काय आहे ते दिसत होतं. एक छक्की आणि एक दुर्री!

या स्पर्धेतल्या खेळात, म्हणजे टेक्सास होल्डेममध्ये, प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती फक्त त्यालाच दिसतात. मग टेबलावर सगळ्यांसाठी पाच पानं उघडली जातात. त्यांतली पहिली तीन म्हणजे फ्लॉप. फ्लॉप यायच्या आधीच एकानं बोली वाढवली आणि दुसऱ्यानं तिच्यावर पुन्हा वाढवली, तर त्या दुसऱ्या वाढीला ‘थ्री-बेट’ म्हणतात. आता पहिल्यानं काय करायचं? पानं टाकायची, तेवढेच पैसे भरून पुढं जायचं, की तिसऱ्या बोलीवर चौथी चढवायची? गेल्या पाव शतकात या प्रश्नाचं उत्तर तीनदा बदललं. पत्ते तेच होते; बदलले ते बोलीचे नियम, डावांच्या नोंदी आणि हिशेब करणारी यंत्रं.

सुरुवातीला हा प्रश्न फारसा कुणाला छळत नव्हता. टेक्सासमधल्या गावोगावच्या अड्ड्यांवर वाढलेला हा खेळ १९६३ मध्ये कॉर्की मॅककॉर्कडेलनं लास वेगासच्या कॅलिफोर्निया क्लबमध्ये आणला. पुढं कसिनोंमध्ये रुळला तो प्रामुख्यानं ‘लिमिट’ प्रकार, म्हणजे बोली किती वाढवायची ते ठरलेलं. इंटरनेटवर पैसे लावून पहिला डाव १ जानेवारी १९९८ रोजी प्लॅनेट पोकर या साइटवर खेळला गेला, तोही ३-६ डॉलरच्या लिमिट होल्डेमचाच.

१०-२० डॉलरचं लिमिट टेबल घ्या. पत्ते वाटायच्या आधी दोघांनी सक्तीनं टाकायचे पैसे, म्हणजे ब्लाइंड, ५ आणि १० डॉलर. त्यातले १० ही पहिली बोली, वाढवून २० केले की दुसरी, ३० केले की तिसरी. थ्री-बेटमधला ‘तीन’ इथून आला. ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली असं धरलं तर मधल्या ढिगात, म्हणजे पॉटमध्ये, ६५ डॉलर जमलेले असतात आणि पहिल्या खेळाडूला पुढं जायला फक्त १० हवे असतात. सातआठ वेळांत एकदा डाव जिंकला तरी खर्च भरून निघतो. त्यामुळे तिसऱ्या बोलीला घाबरून पानं टाकणं हा जवळजवळ वेडेपणाच. भरा दहा आणि बघा फ्लॉप.

२००३ नं हे चित्र पालटलं. टेनेसीतला ख्रिस मनीमेकर हा हिशेबनीस पोकरस्टार्स या साइटवरच्या ८६ डॉलरच्या पात्रता फेरीतून वर्ल्ड सीरिजला पोचला आणि ८३९ खेळाडूंमधून २५ लाख डॉलर घेऊन गेला. तीन वर्षांत त्याच स्पर्धेला ८,७७३ जण बसले. मनीमेकरला टीव्हीवर पाहून ऑनलाइन टेबलांकडे धावलेल्यांना लिमिट नको होतं. त्यांना हवा होता नो-लिमिट, जिथं समोरचा सगळे पैसे एका दमात पुढं ढकलू शकतो. तिसरी बोली आता दहा डॉलरनं नव्हे, तिपटी-चौपटीनं वाढू लागली. स्वस्तात फ्लॉप बघायची सोय संपली आणि पानं टाकणं ही रोजची गोष्ट झाली.

नव्या मंडळींनी जुन्यांकडून एकच धडा उचलला होता: तिसरी बोली म्हणजे एक्के किंवा बादशहा. त्याला आधारही होता. जुन्या पिढीतल्या डॉयल ब्रन्सन या खेळाडूला एक्का-राणी नकोशी वाटायची ती याच कारणानं. वरकरणी देखणी जोडी, पण समोर एक्का-बादशहा निघाला की एक्का लागूनही हार. ‘सुपर/सिस्टम’ या त्याच्या १९७९ च्या ग्रंथावर एक अख्खी पिढी पोसली होती. कुणी पुन्हा बोली चढवली की ती पिढी हात झटकून मोकळी व्हायची. हॅरिंग्टनची छक्की-दुर्री चालली ती त्यामुळेच.

ऑनलाइन टेबलावर हिरवी टोपी दिसत नाही आणि मख्ख चेहराही नाही. पण तिथं प्रत्येक डाव मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो. कसिनोत तासाला तीसेक डाव होतात, ऑनलाइन एका टेबलावर त्याच्या दुप्पट, आणि एकेक जण आठ-आठ टेबलं उघडून बसायचा. पोकरट्रॅकरसारखी सॉफ्टवेअर या फाइली चाळून समोरच्याच्या नावाशेजारी आकडे झळकवू लागली: किती टक्के डावांत पैसे टाकतो, किती वेळा तिसरी बोली चढवतो. सर्वांत कामाचा आकडा होता ‘फोल्ड टु थ्री-बेट’, म्हणजे तिसऱ्या बोलीसमोर हा गडी किती वेळा शेपूट घालतो.

या आकड्याची किंमत एका हिशेबात कळते. ब्लाइंड १ आणि २ डॉलर. बटनवरच्या, म्हणजे सर्वांत शेवटी बोलायची सोय असलेल्या खेळाडूनं ५ डॉलर केले. १ डॉलरवाल्यानं पानं टाकली. २ डॉलरवाल्यानं बोली २० वर नेली. त्याचे आणखी १८ डॉलर पणाला लागले, मिळण्यासारखे ८. म्हणजे बटनवाला १०० पैकी ७० वेळा पानं टाकत असेल, तर हातात काहीही असलं तरी चढवणाऱ्याचा फायदाच. आणि त्या काळात ७० च्या पुढचे आकडे डोळ्यांसमोर सर्रास दिसत. मग काय, तरुण मंडळी सत्ती-पंजीवरही तिसरी बोली ठोकू लागली.

याला उतारा लगेच निघाला: चौथी बोली. समोरचा हलक्या पानांवर चढवतोय हे आकडे सांगतच होते, म्हणून त्याच्यावर पुन्हा हलक्याच पानांनी चढवायचं. त्यासाठी पानं निवडायलाही शास्त्र आलं. एकाच रंगाची एक्का-पंजी लाडकी झाली. चार एक्क्यांमधून एक्क्यांची जोडी सहा प्रकारे बनते, पण एक एक्का आपल्या हातात असला की उरतात तीनच. एक्का-बादशहाचे सोळा प्रकार बारावर येतात. ज्या पानांची भीती, तीच समोर असण्याची शक्यता आपल्या एक्क्यानं घटते. शिवाय डाव पुढं गेलाच तर फ्लश किंवा सीक्वेन्स लागण्याची आशा उरते.

चौथीला पाचवी, पाचवीला सहावी असा हा चढता फड काही वर्षं रंगला. १५ एप्रिल २०११ रोजी अमेरिकी सरकारनं पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या साइट्सच्या चालकांवर खटले भरले आणि अमेरिकेतल्या खेळाडूंची टेबलं एका दिवसात बंद झाली. पोकरपटू त्या दिवसाला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. सराईत खेळाडू कॅनडा, मेक्सिकोत बिऱ्हाडं हलवून खेळत राहिले. हौशे-नवशे मात्र पांगले.

तिसरा बदल विद्यापीठांतून आला. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी दोघांमधला लिमिट होल्डेम व्यवहारात सुटल्याचं जाहीर केलं. त्यांचा प्रोग्राम स्वतःशीच अब्जावधी डाव खेळे आणि प्रत्येक वळणावर ‘दुसरं काही केलं असतं तर किती फायदा होता’ याची नोंद ठेवून चाल सुधारत जाई. त्याच सुमारास याच जातीचा हिशेब घरच्या संगणकावर करणारं पायोसॉल्व्हर बाजारात आलं.

जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गच्या रिव्हर्स कसिनोत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा लिब्राटस हा प्रोग्राम चार व्यावसायिक खेळाडूंसमोर बसला. वीस दिवस, १,२०,००० डाव, नो-लिमिट. माणसं दिवसभर बोलीच्या चमत्कारिक रकमा टाकून यंत्राची भोकं शोधत. ज्या रकमांना यंत्राकडे नेमकं उत्तर नव्हतं, त्यांतल्या महत्त्वाच्या रकमांवर पिट्सबर्गच्या महासंगणकावर रातोरात काम चाले आणि सकाळी भोक बुजलेलं असे. शेवटी लिब्राटसकडे १७,६६,२५० डॉलर किमतीच्या चिप्सची आघाडी होती.

या यंत्रांनी जुनी भीती आणि मधला माज दोन्ही मोडीत काढले. वरच्या उदाहरणात बटनवाल्याला ४१ डॉलरच्या पॉटसाठी १५ भरायचे आहेत, म्हणजे डाव जिंकण्याची शक्यता साधारण ३७ टक्के असली तरी भागतं. आणि शेवटी बोलायची सोय असल्यानं तो पुष्कळदा नुसते पैसे भरून पुढं जातो. आधी बोलावं लागणाऱ्यानं मात्र जास्त वेळा पानं टाकावीत किंवा चौथी बोली करावी. काही पानांना तर एकच एक उत्तर नाही: तीच जोडी दहापैकी काही वेळा भरायची, काही वेळा चढवायची, काही वेळा टाकायची. ठरावीक उत्तर देणारा पकडला जातो. यंत्रांच्या या उत्तरांचे तक्ते आज विशीतली पोरं पाढ्यांसारखे घोकतात. दुसरीकडे साइट्सनी नोंदींवर बंधनं आणली. पार्टीपोकरनं २०१९ मध्ये डावांच्या फाइली देणं थांबवून खेळाडूंना नवी टोपणनावं घ्यायला सांगितली.

भारतात ऑनलाइन पैशांचे खेळ बंद करणाऱ्या कायद्याला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि अड्डा५२ सह देशी साइट्सनी पैशांची टेबलं बंद केली. कसिनो मात्र गोव्यात मांडवी नदीवर चालू आहेत. तिथं पत्ते हातानं वाटले जातात आणि कुणाच्या नावाशेजारी आकडे झळकत नाहीत. समोरच्याचा ‘फोल्ड टु थ्री-बेट’ भरवशानं कळायला दहा हजार डाव पाहायचे म्हटलं, तर त्याच्यासमोर रोज सहा तास ठाण मांडूनही छप्पन्न दिवस लागतील. तोवर तो गडी सुट्टी संपवून कधीच मुंबईला परतलेला असतो.