ओपनसिम्युलेटर

ओपनसिम्युलेटर : त्रिमितीय आभासी जग चालवणारे ओपन सोर्स सर्व्हर सॉफ्टवेअर. वापरणारे त्याला ‘ओपनसिम’ म्हणतात. ते एका संगणकावर चालू केले की इतर संगणकांवरची माणसे आपापला अवतार घेऊन त्यात एकाच वेळी वावरतात, बोलतात आणि तिथली जमीन, घरे, वस्तू स्वतः घडवतात. संगणकीय खेळातली ठरलेली कथा किंवा हारजीत यात नसते. हाती येते ती मोकळी जमीन. ती जमीन सर्व्हर चालवणाऱ्याच्याच ताब्यात राहते, आणि या सॉफ्टवेअरचे खरे मोल त्यातच आहे.

त्याची वैशिष्ट्ये येथे एकाच उदाहरणाने स्पष्ट केली आहेत : मराठवाड्यातल्या जुन्या गावाचे आणि तिथल्या माळवदाच्या घराचे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जन करून गावे नुकतीच झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड माळवद अंगावर कोसळून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील हजारो माणसे गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. जुन्या गावांतल्या गल्ल्या, वाडे आणि पार वडीलधाऱ्यांच्या आठवणीत उरले. असे गाव पुन्हा फिरून पाहता येईल अशा रीतीने मांडायचे असेल, तर ओपनसिमचे गुण नेमके कामी येतात.

इतिहास : अमेरिकेतील लिंडेन लॅब या कंपनीने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग सर्वांसाठी खुले केले. त्याचे सर्व्हर कंपनीच्याच हाती राहिले. जानेवारी २००७ मध्ये तिने व्ह्यूअरचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या संगणकावर ते जग दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, सोर्स कोड खुला केला. त्याच महिन्यात डॅरेन गार्ड यांनी त्या व्ह्यूअरला जोडता येईल असा स्वतंत्र सर्व्हर लिहायला घेतला, तोच ओपनसिम. तो सी-शार्प भाषेत आहे आणि त्याला बीएसडी परवाना आहे, त्यामुळे तो कोणालाही फुकट वापरता, बदलता आणि पुढे देता येतो. अलीकडच्या आवृत्त्या डॉटनेट ८ वर चालतात, म्हणून विंडोज आणि लिनक्स दोन्ही चालतात.

मांडणी : ओपनसिम दोन प्रकारे चालवता येतो. ‘स्टँडअलोन’ प्रकारात जग, वापरकर्त्यांची खाती आणि वस्तूंचा साठा एकाच संगणकावर असतो. ‘ग्रिड’ प्रकारात खाती, साठा आणि नकाशा सांभाळणाऱ्या सेवा ‘रोबस्ट’ नावाच्या वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात आणि त्याला अनेक संगणकांवरचे प्रदेश जोडतात. माहिती एसक्यूलाइट, मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये साठवता येते. तालुक्याच्या शाळेला किंवा पॉलिटेक्निकच्या लॅबला पहिला प्रकार पुरतो. लॅबमधले संगणक एकमेकांना जोडलेले असले की झाले. इंटरनेट बंद असले तरी वर्ग चालतो.

जमीन : एक प्रदेश २५६ मीटर लांब आणि तितकाच रुंद असतो, म्हणजे सुमारे १६ एकरांचा. त्याहून मोठे गाव असेल तर २५६ च्या पटीत प्रदेश वाढवता येतो. ५१२ मीटरच्या चौरसात सुमारे ६५ एकर बसतात. चढउतार हाताने कोरता येतात किंवा उंचीच्या नकाशाची फाइल देऊन एकदम उठवता येतात. पाण्याची पातळी मुळात २० मीटरवर असते. गावाची जमीन त्याच्या वर उचलली आणि ओढ्याची नळी तेवढी खाली ठेवली, की ओढा आपोआप भरतो.

बांधकाम : बांधकामाचे मूळ घटक म्हणजे ‘प्रिम’ : ठोकळा, नळकांडे, गोल असे साधे आकार. ते व्ह्यूअरमध्येच ओढून ताणून घडवतात. माळवदाच्या घराची पाऊण मीटर जाडीची भिंत म्हणजे एक ताणलेला ठोकळा. दारासाठी तीन ठोकळे लागतात : दोन बाजूंना दोन आणि वरून आडवा तिसरा. देवळीसाठी ठोकळा आतून पोकळ करतात. लाकडी खांब नळकांड्यांचे, वर तुळया आणि त्यावर मातीचा थर. दगडाचा आणि शेणामातीचा फोटो पोत म्हणून चढवला की भिंत ओळखीची वाटू लागते. शेवटी सगळे भाग एकत्र जोडून घर ही एकच वस्तू करता येते. नक्षीचे काम ब्लेंडर या त्रिमितीय आकार घडवणाऱ्या प्रोग्राममध्ये करून ‘मेश’ म्हणून आणता येते. हे सारे मीटरच्या मापात होत असल्याने, घर किती खणांचे होते आणि ढेलज केवढी होती, हे आजी-आजोबांना विचारून मापाने उभे करता येते.

स्क्रिप्ट : वस्तूंना चालते-बोलते करण्यासाठी सेकंड लाइफची एलएसएल ही भाषा चालते आणि ओपनसिमची स्वतःची ओएसएसएल ही भर तिला आहे. हात लावला की दार उघडावे, जात्याला हात लावला की ओवीचे ध्वनिमुद्रण वाजावे, हे थोड्या ओळींत होते. ओएसएसएलने सर्व्हरनेच चालवलेली पात्रेही उभी करता येतात. पारावर बसून गावाची माहिती सांगणारा म्हातारा हे त्याचे सोपे उदाहरण. वस्तूंचे पडणे, आदळणे, घरंगळणे बुलेटसिम किंवा यूबीओडीई हे भौतिकी इंजिन सांभाळते.

संवाद आणि मराठी : लेखी गप्पा, खासगी निरोप आणि गट यांची सोय आहे, आवाजासाठी वेगळी सेवा जोडावी लागते. मजकूर यूटीएफ-८ मध्ये जात असल्याने देवनागरी चालते. पण एका संदेशाला १०२३ बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्राही, ३ बाइट घेते. म्हणून एका संदेशात ३४१ च चिन्हे मावतात. गल्लीचे नाव, घराची पाटी असा कायमचा मजकूर चित्र करून फळीवर लावणे उत्तम. मग जोडाक्षरे हमखास नीट दिसतात.

हायपरग्रिड : एका ग्रिडवरचा अवतार आपल्या वस्तूंसह दुसऱ्या ग्रिडवर जाऊ शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील क्रिस्टा लोपेस यांनी ही सोय घडवली. त्याआधी जुलै २००८ मध्ये आयबीएम आणि लिंडेन लॅब यांनी सेकंड लाइफच्या चाचणी ग्रिडवरून ओपनसिमवर अवतार पाठवून दाखवले होते. या सोयीमुळे पुण्या-मुंबईला किंवा परदेशी गेलेल्या घरच्या माणसाला आपल्या खात्यावरूनच गावात येता येते. पाहुणा वस्तू सोबत नेऊ शकतो, म्हणून काय बाहेर जाऊ द्यायचे हे सर्व्हर चालवणाऱ्याने आधी ठरवावे.

मर्यादा : ओपनसिमचा स्वतःचा व्ह्यूअर नाही, फायरस्टॉर्मसारखा दुसऱ्यांनी केलेला व्ह्यूअर लागतो आणि त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. भूकंपात भिंत का कोसळली, याचे गणित हे सॉफ्टवेअर करत नाही. ते घराचे रूप दाखवते, मजबुती नाही. आणखी एक गोष्ट आपल्याकडे महत्त्वाची. केलेला बदल डेटाबेसमध्ये लगेच उतरत नाही; मूळ मांडणीत त्याला किमान एक मिनिट लागते आणि काम सलग चालू असेल तर दहा मिनिटांपर्यंत. तेवढ्यात लाईट गेली तर केलेले काम जाते. म्हणून सर्व्हरला इन्व्हर्टर असावा आणि मोठे काम झाले की ‘बॅकअप’ ही आज्ञा द्यावी.

साठवण : पूर्ण प्रदेश एका आज्ञेने एकाच ‘ओएआर’ फाइलमध्ये उतरवता येतो. जमीन, घरे, पोत, स्क्रिप्ट, वस्त्यांच्या हद्दी, सगळे तिच्यात येते. खाती आणि पासवर्ड येत नाहीत. ही साधी दाबलेली फाइल आहे. नेहमीच्या साधनांनी ती उघडता येते, आत काय आहे ते वाचता येते आणि दुसऱ्या ओपनसिमवर तेच गाव पुन्हा उभे करता येते. कंपनीच्या सर्व्हरवरचे जग कंपनी बंद पडली की जाते. ओएआरची एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत आणि एक बाहेरगावी असेल, तर एक संगणक किंवा एक इमारत गेल्याने गाव जात नाही. ज्या मुलखाने एका पहाटेत गावेच्या गावे गमावली, त्याच्यासाठी या सॉफ्टवेअरचा हा सर्वांत मोठा गुण आहे.