लेबलवरची 'कामिनी'

मागच्या वर्षी ऑफिसच्या कामाने कोलकात्याला गेलो आणि अख्खा रविवार फ्री स्कूल स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या मिर्झा गालिब स्ट्रीटवर, जुन्या रेकॉर्डच्या दुकानांत घालवला. गाणी मुंबईची, मग शोध कोलकात्यात कशाला? कारण ग्रामोफोन कंपनीचा कारखाना तिथल्या दमदमला होता. गाणं मुंबईत रेकॉर्ड व्हायचं, तबकड्या दमदमला निघायच्या.

मी विचारलं, "'महल'चा पूर्ण अल्बम आहे?" दुकानदार हसलाच. १९४९ साली कसला अल्बम! ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. सिनेमातली सगळी गाणी हवीत तर चार-पाच तबकड्या घ्या.

खरं तर मला एकच हवी होती. खेमचंद प्रकाश यांच्या त्या गाजलेल्या गाण्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिकेचं नाव होतं 'कामिनी'. हे मधुबालाच्या पात्राचं नाव! गायली होती लता. लोकांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, हे गातंय कोण? तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं.

आज ॲपवर 'लता मंगेशकर' दिसतं. बरोबरच आहे. पण डेटाबेसमधली चूक सुधारली की जुनी नोंद गायब होते. मी रोज हेच तर करतो. तबकडीवरची मात्र तशीच राहते.

ती मिळाली नाही. दुसरीच एक घेतली. लाखेची, पडली की तुकडे, म्हणून स्वेटरमध्ये गुंडाळून आणली. घरी कळलं की माझ्या प्लेअरची सुई एलपीची आहे, ७८ला जाड सुई लागते. ती अजून यायचीय.