ब्राउझर कोणाचा मुखत्यार?



ज्याने आयुष्यभर ज्ञानमीमांसा शिकवली त्याने ब्राउझरवर का बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. कारण सरळ आहे. अवधान म्हणजे काय, ते कशाने टिकते आणि कशाने मोडते, हा तत्त्वज्ञानाचा जुना प्रश्न आहे. आणि आज आपल्या अवधानाचा फार मोठा भाग ज्या एका साधनातून जातो ते साधन म्हणजे ब्राउझर. वर्तमानपत्र वाचायचे, रेल्वेचे तिकीट काढायचे, सातबारा पाहायचा, वीजबिल भरायचे, सगळे त्याच खिडकीतून. त्या खिडकीची रचना कोणी, कधी आणि का बदलली, ते आज पाहू.

सुरुवातीलाच एक शब्द हाती देतो. वेबच्या तांत्रिक मानकांमध्ये ब्राउझरला ‘युजर एजंट’ म्हणतात. आपल्याकडे यासाठी फार चांगला शब्द आहे: मुखत्यार. मुखत्यारपत्र आपण कोणाला देतो? जो आपल्या वतीने कचेरीत जाईल, सह्या करील आणि आपलं हित बघेल, त्याला. ब्राउझर तुमच्या वतीने दूरच्या संगणकाकडे जातो, पान मागतो, ते आणून तुमच्यासमोर मांडतो. तेव्हा त्याच्या प्रत्येक नव्या रचनेला आपण विचारायचे, की बाबा, तू नेमका कोणाच्या बाजूने उभा आहेस?

आता जरा मागे जाऊ. अनेक ग्रंथ एकदम उघडे ठेवण्याची हौस काही संगणकाने आणलेली नाही. १५८८ साली अगोस्तिनो रामेल्ली या इटालियन अभियंत्याने पॅरिसमध्ये यंत्रांच्या चित्रांचा एक ग्रंथ छापला. त्यात एक पुस्तकचक्र आहे. पाणचक्कीसारखे उभे फिरणारे लाकडी चाक, त्यावर फळ्या, प्रत्येक फळीवर एक उघडा ग्रंथ. वाचक समोर बसून चाक फिरवतो. पण बघा, चाक कितीही मोठे केले तरी नजरेसमोर एका वेळी एकच ग्रंथ येतो, आणि चाक फिरवणारा हात वाचकाचाच असतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवतीच फिरतो.

१९४५ च्या जुलैमध्ये व्हॅनिवर बुश या अमेरिकन शास्त्रज्ञाने ‘मेमेक्स’ नावाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. ते यंत्र बनले नाही, पण कल्पना मोठी होती. एक मेज, त्यात सूक्ष्मचित्रांवर साठवलेली पुस्तके आणि टिपणे. वाचक एका नोंदीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर ज्या वाटेने गेला ती वाट यंत्राने जपून ठेवायची, म्हणजे पुढे ती पुन्हा चालता येईल, दुसऱ्याला देताही येईल. आजच्या ब्राउझरमध्ये ‘हिस्टरी’ असते, पण ती तारखेवार यादी आहे. जुन्या हिशेबाच्या भाषेत सांगायचं तर ती कीर्द आहे, खतावणी नाही. कोणत्या कामासाठी काय पाहिले, हे तिच्यात दिसत नाही. ही उणीव आजही पुरती भरलेली नाही.

प्रत्यक्षातला पहिला ब्राउझर १९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी लिहिला. तो ब्राउझरही होता आणि संपादकही. म्हणजे वाचता वाचता त्यातच लिहिता येत होते. वाचक आणि लेखक वेगळे मानलेलेच नव्हते. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातून ‘मोझॅक’ आला. त्याने मजकूर आणि चित्र एकाच खिडकीत शेजारी आणले, आणि वेब सर्वसामान्यांचे झाले. पण त्यात लिहिण्याची सोय मागे पडली. वाचक प्रेक्षक झाला. आणि चित्र आले तशी चित्रमय जाहिरातही आली. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हॉटवायर्ड’ या नियतकालिकाच्या पानावर त्या जाहिरातींच्या पट्ट्या झळकल्या.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. तेव्हा विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळणारे खाते फक्त अक्षरांचे असे. ‘लिंक्स’ नावाच्या ब्राउझरमध्ये काळ्या पडद्यावर मजकूर यायचा. चित्र नाही, जाहिरात नाही, एका वेळी एक पान. आज कोणी त्याला अवधानाचे सुवर्णयुग म्हणेल. मी म्हणणार नाही. त्या पडद्यावर देवनागरीसुद्धा उमटत नव्हती. गैरसोयीला साधना म्हणू नये.

मुखत्याराची खरी परीक्षा पॉप-अपच्या वेळी झाली. आपण न मागता उघडणारी ती जाहिरातीची छोटी खिडकी. एक बंद करावी तर दुसरी. ही कल्पना ज्यांनी प्रत्यक्षात आणली त्यांपैकी एक, ईथन झुकरमन, यांनी २०१४ मध्ये जाहीर लेख लिहून त्याबद्दल माफी मागितली. एका मोटार कंपनीची जाहिरात एका आक्षेपार्ह पानावर झळकली, कंपनी चिडली. म्हणून जाहिरात पानापासून वेगळी काढून स्वतंत्र खिडकीत टाकली. हेतू वाईट नव्हता. पण त्या व्यवहारात जाहिरातदार होता, संकेतस्थळ होते. वाचकाची बाजू मांडणारा कोणी नव्हता.

ती बाजू ब्राउझरने घेतली. ऑपेरा आणि मोझिला या ब्राउझरांनी न मागितलेल्या खिडक्या अडवायला सुरुवात केली. ९ नोव्हेंबर २००४ ला फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हा ही सोय तिच्यात होती, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेही ती आपल्या ब्राउझरला दिली. वाचकाला यासाठी मनोनिग्रह करावा लागला नाही, प्रवचन ऐकावे लागले नाही. दारावर राखणदार उभा राहिला आणि उपद्रव बराच कमी झाला. ‘लक्ष लागत नाही’ ही तक्रार आपण नेहमी माणसाच्या चारित्र्याच्या खात्यात मांडतो, विशेषतः तरुणांच्या. त्या खात्यातली काही रक्कम रचनेच्या नावे मांडायला हवी, हे या उदाहरणावरून उघड होते.

आता टॅब. एकाच खिडकीत अनेक पाने, वर त्यांच्या चकत्या. ही युक्ती १९९४ च्या ‘इंटरनेटवर्क्स’ या ब्राउझरमध्ये होती. फायरफॉक्सने ती घरोघर नेली आणि २००६ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररनेही घेतली. सोय मोठीच. पण हे रामेल्लीचे चाक होते आणि त्याच्या फळ्यांना मर्यादा नव्हती. टॅब वाढले की प्रत्येक चकती अरुंद होते, नाव दिसेनासे होते, उरते एक टिकलीएवढे चिन्ह.

मग लोक ते बंद का करत नाहीत? कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी २०२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. लोकांना ओझे वाटते, लाजही वाटते. पण बंद केले की ते कायमचे हरवेल ही भीती जास्त मोठी असते. म्हणजे उघडा टॅब हे केवळ पान नसते, ते राहिलेले काम असते. आपल्या आज्या आठवण राहावी म्हणून पदराला गाठ मारत. एक गाठ आठवण देते. पदरभर गाठी झाल्या की कोणती कशासाठी, तेच आठवत नाही.

इथे मला न्यायदर्शनाकडे वळू द्या. गौतमाच्या न्यायसूत्रांत मनाची ओळख मोठी मार्मिक दिली आहे. इंद्रिये पाच आहेत, त्यांचे विषयही समोर हजर आहेत, तरी एका क्षणी अनेक ज्ञाने उपजत नाहीत. यावरून मन नावाचे काही आहे असे अनुमान करायचे. नैयायिकांच्या मते मन अणु आहे, ते एका वेळी एकाच इंद्रियाशी जोडले जाते. यावर आक्षेप येतोच, की आम्हाला तर चार गोष्टी एकदम कळतात. त्याला त्यांचे उत्तर म्हणजे कोलिताचा दृष्टान्त. जळते कोलीत गरगर फिरवले की अखंड वर्तुळ दिसते. वर्तुळ नसतेच, एकच निखारा वेगाने जागा बदलत असतो.

ज्याला आपण एका वेळी अनेक कामे करणे म्हणतो, ते हे कोलीत आहे. ग्लोरिया मार्क या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कामात असलेल्या माणसांचे निरीक्षण वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत होता; अलीकडच्या वर्षांत ते सरासरी ४७ सेकंदांवर आले. त्यांनीच दाखवून दिले की व्यत्ययांचा मोठा वाटा बाहेरून येत नाही, आपणच स्वतःला मोडता घालतो. तेव्हा सगळा दोष यंत्राच्या माथी मारणेही बरोबर नाही. रचना चित्त एकाग्र करून देत नाही. कोलीत फिरवायची ओढ तेवढी ती कमी किंवा जास्त करू शकते.

ती कमी करणारे प्रयोग कोणते? मला सगळ्यात आवडतो तो ‘रीडर’. जून २०१० मध्ये ॲपलच्या सफारीत आला. आधी ‘रीडेबिलिटी’ नावाचे एक छोटे साधन होते, त्याच्या आधारावर. एक कळ दाबली की जाहिराती, बाजूच्या पट्ट्या, हलणारी चित्रे गळून पडतात आणि लेख उरतो; नीट अक्षर, नीट समास. पान लिहिणाऱ्याने काहीही मांडले असो, ते कसे वाचायचे हे वाचक ठरवतो. मुखत्याराने करायचे ते काम हेच.

दुसरा प्रयोग टॅब उभे लावण्याचा. पडदा आडवा असतो, मजकुराचा रकाना अरुंद; कडेला जागा मोकळीच पडलेली असते. तिथे टॅबची उभी यादी केली की प्रत्येकाचे नाव पुरते वाचता येते. मायक्रोसॉफ्टच्या एजमध्ये २०२१ ला आणि फायरफॉक्समध्ये मार्च २०२५ ला ही सोय आली. तिसरा प्रयोग कामावार गटांचा. फायरफॉक्सने २०११ मध्ये असे गट आणले आणि २०१६ मध्ये काढून टाकले, कारण वापरणारे थोडे. त्या गटांचे एक जनक एझा रास्किन. आणि गंमत म्हणजे पान कधी संपतच नाही, खाली खाली सरकत राहते, ती युक्तीही त्यांचीच. तिच्याबद्दल त्यांनी पुढे जाहीर खंत व्यक्त केली. एकाच माणसाने बांधही घातला आणि पाटही फोडला.

सगळ्यात धाडसी प्रयोग न्यूयॉर्कच्या ‘द ब्राउझर कंपनी’चा. तिचा ‘आर्क’ जुलै २०२३ मध्ये मॅकवर सर्वांना खुला झाला. टॅब कडेला, कामाचे नि घरचे कप्पे वेगळे, आणि मुद्दाम जपून न ठेवलेला टॅब बारा तासांनी आपोआप दप्तरात जमा. तास संपल्यावर फळा पुसावा तसे. हरवत काही नाही, पण दुसऱ्या दिवशी फळा कोरा मिळतो. ज्यांना ते जमले ते आर्कवर जीव टाकत. पण बहुतेकांनी बहुतेक सोयी वापरल्याच नाहीत, हे कंपनीनेच सांगितले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये नव्या सोयी घालणे थांबवल्याचे जाहीर झाले, आणि २०२५ मध्ये ॲटलासियन या कंपनीने ६१ कोटी डॉलरला तिला विकत घेण्याचा करार केला.

याचा धडा काय? रोजचा वापर ही सवय असते आणि सवयीला नवे घर एकदम मानवत नाही. पॉप-अप अडवणे किंवा रीडर यांनी माणसाकडून नवे काही शिकून घेतले नाही. त्यांनी काढून टाकले. ज्या रचनांनी आधी शिकवणी लावली, त्या गुणी असूनही मोजक्यांपुरत्या राहिल्या.

आता अवघड प्रश्न. या मुखत्याराचा पगार कोण देतो? नेटस्केप सुरुवातीला आपला ब्राउझर विकत असे. मायक्रोसॉफ्टने आपला फुकट दिला, आणि तेव्हापासून ब्राउझरसाठी वाचक दमडी मोजत नाही. पण पैसा कुठून तरी येतोच. सफारीत आपले सर्च इंजिन आधीपासून लावलेले असावे म्हणून गुगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आले. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाचे बहुतांश उत्पन्नही गुगलकडूनच येते. क्रोम तर गुगलचाच. मुखत्याराला समोरच्या पक्षाकडून बिदागी मिळत असेल तर तो लबाडच असेल असे मी म्हणत नाही. पण तो कुठे बोलतो आणि कुठे गप्प बसतो, हे पाहत राहावे लागेल.

आणि हे पाहणे आत्ताच निकडीचे आहे. २०२५ पासून आलेले नवे ब्राउझर, डिया, कॉमेट, ॲटलास, आपल्यासाठी पान वाचून त्याचा गोषवारा देतात, काही तर आपल्या वतीने कळाही दाबतात. थकलेल्या डोळ्यांना, अंध व्यक्तीला, सरकारी अर्जात अडकलेल्या माणसाला याचा मोठा आधार होऊ शकेल. पण रीडरने वाचनातली अडचण काढली होती. हा मुखत्यार वाचनच आपल्याकडून काढून घेऊ शकतो. वाचताना आपण थांबतो, शंका घेतो, मागे जातो, एखाद्या वाक्याशी भांडतो. गोषवाऱ्यात ते भांडण दुसऱ्या कोणी तरी आपल्या परस्पर मिटवलेले असते. वीजबिलापुरते ते चालेल. मत बनवायचे असेल, मतदान करायचे असेल, मुलाच्या आजाराबद्दल समजून घ्यायचे असेल, तर चालणार नाही.

तेव्हा नव्या ब्राउझरची जाहिरात पाहाल तेव्हा तो किती वेगवान आहे हे नंतर विचारा. चाक कोणाच्या हातात आहे, हे आधी विचारा. आणि घरी गेल्यावर, पुढचा लांब लेख वाचायला घ्याल तेव्हा, ती रीडरची कळ एकदा शोधून दाबा. बहुतेकांच्या यंत्रात ती आहे, बहुतेकांनी ती दाबलेली नाही.

 आता प्रश्न घेऊ.