केटीची गोष्ट: 1858 पासून आपल्या रिझल्टपर्यंत

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग ज्यांचा नुकताच रिझल्ट लागलाय त्यांच्यासाठी आहे. त्यातही ज्यांच्या मार्कशीटवर एका विषयापुढे 'एफ' आलाय, त्यांच्यासाठी जरा जास्तच.

आधी माझं सांगतो. इंजिनीअरिंगचं दुसरं वर्ष, तिसरं सेमिस्टर, विषय एम-थ्री. पेपर ऐंशीचा, पासिंग 32 ला, आणि मला पडले 27. रिझल्टची साइट रात्री साडेअकराला उघडली. बाकी सगळे विषय निघाले होते, हा एकच राहिला. पण त्या रात्री मला ते बाकीचे विषय दिसलेच नाहीत. घरी अकरा दिवस सांगत राहिलो, "अजून लागला नाही रिझल्ट." बाबा रोज विचारायचे आणि मी रोज तेच उत्तर द्यायचो.

माझा रूममेट तर माझ्याही पुढे गेला. त्याचे दोन विषय राहिले होते. त्याने फोन बंद केला आणि कुणालाही न सांगता हॉस्टेल सोडलं. चार दिवसांनी तो मिरजेला मामाकडे सापडला. ते चार दिवस त्याच्या आईने कसे काढले असतील, हे मला आजही विचारवत नाही.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न होता. एका विषयात नापास होणं ही एवढी मोठी गोष्ट झाली कधीपासून? आणि 'एटीकेटी' हा विचित्र शब्द आला कुठून? म्हणून थोडं वाचलं. आज तेच सांगतोय.

पहिले पदवीधर आणि ग्रेस मार्क

1857 साल. एकीकडे उठाव पेटलाय आणि त्याच वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे तीन विद्यापीठं सुरू होतात. ती बेतली होती लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. तेव्हाचं लंडन विद्यापीठ म्हणजे मुख्यतः परीक्षा घेणारं ऑफिस. शिकवायचं कॉलेजांनी, विद्यापीठाने फक्त पेपर काढायचे, तपासायचे आणि पदवी द्यायची. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठाचा जन्मच परीक्षा घेण्यासाठी झाला. आज आपण 'युनिव्हर्सिटी' म्हटलं की पहिल्यांदा हॉलतिकीट आठवतो, त्याचं मूळ इथे आहे.

कलकत्त्यात 1858 मध्ये बी.ए.ची पहिली परीक्षा झाली. पास झाले दोघंच: बंकिमचंद्र चट्टोपाध्याय आणि जदुनाथ बोस. हो, 'वंदे मातरम्' लिहिणारेच बंकिमचंद्र. आता गंमत ऐका. हे दोघंही खरं म्हणजे एका विषयात नापास होते! सहापैकी पाच विषयांत ते चांगले उत्तीर्ण झाले, सहाव्यात थोडे मार्क कमी पडले. कमी पडलेले मार्क सातपेक्षा जास्त नव्हते, म्हणून विद्यापीठाने ते माफ केले आणि दोघांना पदवी दिली.

म्हणजे कलकत्ता विद्यापीठाचे अगदी पहिले दोन पदवीधर ग्रेसवर पास झालेत. पुढच्या वेळी कुणी "ग्रेसवर निघालास होय?" म्हणून चिडवलं तर हे सांगा.

आपल्या मुंबईत काय चाललं होतं? 1859 मध्ये मॅट्रिकची पहिली परीक्षा झाली. बसले 132 आणि पास झाले जेमतेम वीस-बावीस. त्यांत होते महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर. 1862 मध्ये हे दोघं मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांत आले. त्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. पण 132 मधून बावीस वजा केले तरी शंभरावर पोरं उरतात. ती घरी जाऊन काय बोलली असतील? त्यांच्यावर कुणी धडा लिहिला नाही.

एक राहिला की सगळेच राहिले

आता महत्त्वाचा मुद्दा. तेव्हा नापास होणं आणि आज नापास होणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. आज तुमचा एक विषय राहिला तर तेवढाच पुन्हा द्यायचा. तेव्हा परीक्षा अख्खी पास व्हायची किंवा अख्खी नापास. गणितात पैकीच्या पैकी पडू देत, एका विषयात गचकलात की सगळं गेलं.

याचा सगळ्यात मोठा फटका कुणाला बसला? श्रीनिवास रामानुजन यांना.

1904 मध्ये ते कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात दाखल झाले, तेही स्कॉलरशिप घेऊन. डोक्यात फक्त गणित. बाकी विषयांकडे दुर्लक्ष झालं, इंग्रजीत नापास झाले आणि स्कॉलरशिप गेली. घरची परिस्थिती बेताची. मग 1905 मध्ये काय केलं? घरात न सांगता पळून गेले, थेट विशाखापट्टणमच्या दिशेने. पोरगा हरवला म्हणून पेपरात निवेदन द्यावं लागलं.

हे वाचलं आणि मला मिरजेला गेलेला माझा रूममेट आठवला. शंभरहून जास्त वर्षांचं अंतर, पण अठरा वर्षांच्या पोराची भीती तीच.

पुढे 1906 मध्ये रामानुजन मद्रासच्या पचैयप्पा कॉलेजात गेले. एफ.ए.ची परीक्षा दिली, नापास. 1907 मध्ये पुन्हा दिली, पुन्हा नापास. गणित उत्तम, पण शरीरशास्त्रासारख्या विषयात दांडी गुल. नियम एकच: सगळे विषय निघाले पाहिजेत. पदवीचा रस्ता तिथे बंद झाला. 1912 मध्ये ते मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये महिना तीस रुपयांवर कारकून म्हणून लागले.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. हार्डींना पत्र, 1914 मध्ये केंब्रिज, 1918 मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो. पण मधला एक टप्पा सहसा कुणी सांगत नाही. 1913 मध्ये मद्रास विद्यापीठाने त्यांना महिना 75 रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली, हातात पदवी नसताना. ज्या विद्यापीठाच्या परीक्षेत ते दोनदा नापास झाले, त्याच विद्यापीठाने. म्हणजे माणसांनी मनावर घेतलं तर नियमाला वाट काढता येते. ती वाट निघायला सहा वर्षं लागली, एवढंच.

एक विनंती आहे. ही गोष्ट "बघा, रामानुजनही नापास झाले होते, टेन्शन घेऊ नका" अशी कुणाच्या तोंडावर फेकू नका. नापास झालेला प्रत्येक पोरगा रामानुजन नसतो आणि तसं असायची गरजही नाही. त्या गोष्टीत चुकलं होतं ते परीक्षेच्या रचनेचं, आणि त्याची किंमत एका मुलाने आणि त्याच्या घराने मोजली.

पोरींना किंमत आणखी जास्त

1886 हे साल आपल्या ओळखीचं आहे. आनंदीबाई जोशी त्या वर्षी अमेरिकेत, फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्याच वर्षी कलकत्ता मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडल्या कादंबिनी गांगुली. त्या आधीच बी.ए. होत्या, या देशातल्या पहिल्या दोन स्त्री-पदवीधरांपैकी एक. पण वैद्यकीच्या शेवटच्या परीक्षेत एका भागात त्या कमी पडल्या, म्हणून एम.बी. ही पदवी मिळाली नाही. कॉलेजने जीबीएमसी ही वेगळी पदविका दिली. प्रॅक्टिस करता आली, पण हाताखालच्या पदवीचा टोमणा मागे राहिला. मग 1893 मध्ये मुलाबाळांची व्यवस्था लावून त्या परदेशी गेल्या आणि स्कॉटलंडची डिप्लोमा परीक्षा पास होऊन परत आल्या.

एका राहिलेल्या विषयाची भरपाई करायला त्यांना समुद्र ओलांडावा लागला. आज एक फॉर्म भरावा लागतो. फरक लक्षात घ्या.

'टर्म' म्हणजे जेवण

आता येऊ 'एटीकेटी'कडे. अलाउड टू कीप टर्म्स. म्हणजे पुढच्या टर्म भरायला परवानगी. पण टर्म 'कीप' करायची म्हणजे काय? हा इंग्लंडच्या जुन्या कॉलेजांतला शब्दप्रयोग आहे. ठरलेले दिवस तिथे राहिलात, हजेरी लावलीत, की तुमची टर्म भरली.

याचं सगळ्यात मजेशीर वर्णन गांधीजींच्या आत्मकथेत आहे. बॅरिस्टर व्हायला बारा टर्म भराव्या लागत, आणि टर्म भरायची म्हणजे दर टर्मला साधारण चोवीस मेजवान्यांपैकी निदान सहांना हजर राहायचं! जेवलं नाही तरी चाले, तिथे बसलेलं दिसायला हवं.

आणि हो, गांधीजीही एका विषयात अडकले होते. भावनगरच्या सामळदास कॉलेजमधून पहिल्या टर्मनंतरच ते घरी परतले, काही झेपेना म्हणून. लंडनला गेल्यावर तिथली मॅट्रिक दिली आणि लॅटिनमध्ये नापास झाले. मग काय केलं? रडत बसले नाहीत, पुन्हा फॉर्म भरला. आणि एक हुशारी केली: रसायनशास्त्र जड जात होतं, ते सोडून त्याऐवजी उष्णता आणि प्रकाश हा विषय घेतला. दुसऱ्या खेपेला निघाले. आजच्या भाषेत म्हणायचं तर केटी क्लिअर केली आणि इलेक्टिव्ह बदललं.

मुंबई विद्यापीठाचा पसारा एके काळी गुजरात, सिंध, उत्तर कर्नाटकापर्यंत होता. 'टर्म भरणे', 'टर्म ग्रँट होणे', 'टर्मवर्क' हे शब्द आपल्या कॉलेजांत त्याच इंग्रजी वळणाने रुजले. आपल्याकडे आणि गुजरातेत अजूनही 'एटीकेटी' म्हणतात, इतर अनेक ठिकाणी 'बॅकलॉग' नाहीतर 'सप्ली' चालतं. नीट ऐकलंत तर या शब्दात 'नापास' कुठेच नाही. 'अलाउड' आहे, म्हणजे परवानगी. पुढे जा, राहिलेलं मागून भर.

दार हळूहळू उघडत गेलं

स्वातंत्र्यानंतर लगेच, 1948-49 मध्ये, डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली विद्यापीठ शिक्षण आयोग बसला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षेची असावी. बदल व्हायला दशकं गेली. वार्षिक परीक्षेच्या जागी सेमिस्टर आलं, मग क्रेडिट आले. पास झालेला विषय आता तुमच्या नावावर जमा राहतो. 2021 पासून तर त्यासाठी अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे.

आणखी एक मोठी गोष्ट 2011 ची. तोपर्यंत बऱ्याच ठिकाणी तपासलेला पेपर म्हणजे तिजोरीतलं गुपित. त्या वर्षी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की माहिती अधिकारात विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. 1857 पासून मोजलं तर दीडशेहून जास्त वर्षांनी.

म्हणून रिझल्ट हातात आला की तीन गोष्टी बघा. एक, नापास नेमकं कशात आहात: लेखी परीक्षेत, इंटर्नलमध्ये की प्रॅक्टिकलमध्ये? प्रत्येकाचा रस्ता वेगळा असतो. दोन, पुढच्या वर्षाला जायला किती विषय राहिलेले चालतात? हा आकडा प्रत्येक विद्यापीठात आणि कोर्सला वेगळा, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर न विचारता कॉलेजच्या ऑफिसात विचारा. तीन, फोटोकॉपी आणि रिव्हॅल्युएशनची शेवटची तारीख. ती फार लवकर निघून जाते. मी अकरा दिवस तोंड लपवत बसलो आणि माझी तारीख गेली. पाच मार्कांचा प्रश्न होता. पेपर बघितला असता तर काय निघालं असतं, ते आता कधीच कळणार नाही.

बाराव्या दिवशी मी बाबांना फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. दोन वाक्यं झाली आणि गळा दाटला. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाबा म्हणाले, "बरं. फॉर्म भरायची शेवटची तारीख कधी आहे? फी किती?"

बस, एवढंच. मी तारीख सांगितली. त्यांनी पैसे पाठवले. पुढच्या खेपेला एम-थ्री निघाला, 41 मार्कांनी.

माझ्या रूममेटचे दोन्ही विषय निघायला एक वर्ष जास्त लागलं. त्याचा फोन मात्र त्यानंतर कधी बंद नव्हता.

तुमच्या ग्रुपमधला कुणी रिझल्टपासून गप्प असेल, तर हा भाग फॉरवर्ड करण्याआधी त्याला फोन करा. भेटू पुढच्या भागात.